दिल्लीतला राजीनामा

दिल्लीहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" कुतुबमिनार पाहिला का, लाल किल्ला पाहिला का, चांदणी चौकात पराठे खाल्ले का. मी खरं ते सांगते. एका मोठ्या इमारतीचं रिसेप्शन पाहिलं, एका साहेबांची खोली पाहिली, पहाडगंजातल्या एका हॉटेलचा जिना पाहिला. फरीदाबादच्या एका फ्लॅटचं छतही पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, कारण डोळ्याला डोळा लागत नव्हता. एवढ्यावर प्रवासवर्णन होतं का, मला माहीत नाही. पण आमच्या चिपळूणच्या आसपास बोटीवर जाणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्या घरच्यांवर अशी वेळ आली तर दिल्लीची गाडी पकडण्याआधी त्यांनी हे वाचावं, निदान एका शब्दासाठी तरी.

माझा भाचा ओंकार मालवाहू बोटीवर फिटर आहे. त्याची बोट कच्च्या काजूबिया भरायला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा देशात गेली. (आमच्याकडच्या कारखान्यांत फुटणारी प्रत्येक बी कोकणातलीच असते, असं समजणाऱ्यांनी तो समज सोडावा.) बंदराबाहेर वादळात नांगर घसरला आणि बोट तिथल्या कोळ्यांच्या होड्यांवर आणि जाळ्यांवर गेली. जीव कुणाचा गेला नाही, पण पोटं बुडाली. बंदरवाल्यांनी बोट अडकवली आणि सगळ्या खलाशांचे पासपोर्ट काढून घेतले. हे सगळं निस्तरतं न निस्तरतं तोच तिथल्या लष्करानं राष्ट्राध्यक्षाला घरी बसवलं. बंदरातला अधिकारी बदलला, न्यायाधीश बदलला, आणि या मुलांची फाईल कुणाच्या टेबलावर आहे ते कुणालाच सांगता येईना. बोटीचा मालक फोन उचलायचा बंद झाला. बोटीवर पाणी मोजून, जनरेटर फक्त संध्याकाळी थोडा वेळ. तेवढ्यात जो फोन चार्ज होईल तो होईल. ओंकारला मधूनमधून ताप येत होता.

देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या बंदरात अजून दुसऱ्या बोटींवरची माणसं आहेत.

माझा भाऊ काही वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून त्या घरातले बाहेरचे निर्णय माझ्याकडे आले, कुणी न सांगता आले. मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. ‘आपल्या परराष्ट्र धोरणाची उद्दिष्टे’ हा धडा मला पाठ होता. शिवाय राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिलेल्या. त्यामुळे दिल्लीला जायचं तर मीच, आणि ओंकारची आई म्हणजे माझी वहिनी माझ्यासोबत, असं ठरलं. वहिनीनं शब्दशः देव पाण्यात ठेवले आणि शेजारणीला बजावलं, पाणी कमी होऊ देऊ नको.

फरीदाबाद

आम्ही उतरलो रुबिनाकडे. रुबिना माझी विद्यार्थिनी, आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यातली. आता केंद्र सरकारच्या एका खात्यात हिशेबाच्या कामावर आहे. नवरा अस्लम मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. तो पहाटे अंधारातच कंपनीची बस पकडायला निघून जायचा, आम्हाला दिसायचा तो फक्त त्याचा चहाचा कप.

दिल्लीचा हिवाळा आम्ही ऐकून होतो. आमच्याकडे थंडी पडते म्हणजे पहाटे पंखा बंद करावा लागतो. इथे दोन स्वेटर घालूनही दात वाजत होते, आणि बाहेर बघावं तर समोरची इमारत गायब. ते धुकं असतं तर मी काही बोलले नसते. त्याला चव होती, जळक्या टायरची. वहिनी पहिल्याच सकाळी गॅलरीत जाऊन आली आणि म्हणाली, "वन्सं, इथली माणसं श्वास कुठे जाऊन घेतात?"

रुबिनानं आमच्यासाठी तांदळाची सांदणं केली होती. दिल्लीत चांगला नारळ मिळत नाही म्हणून तिची सारखी तक्रार. मी नेलेली आमसुलं तिनं आधी नाकाशी धरली आणि मग डब्यात ठेवली. तिची लेक झोया कॉलेजात जाते. तिच्या मराठीला आता भोकं पडली आहेत. जेवताना मी म्हटलं, ओंकारचा फोन येईपर्यंत नुसती हुरहुर लागून राहते. तर तिनं विचारलं, "आजी, हुरहुर मतलब?"

"टेन्शन, बेटा," रुबिना म्हणाली.

"टेन्शन नव्हे गं," मी म्हटलं आणि समजावून सांगायला गेले, तर मलाच सांगता येईना. वहिनी ताटाकडे बघत होती. तिच्या तोंडाकडे बोट दाखवलं असतं तर झोयाला कळलं असतं.

साहेबांची खोली

शुक्रवारी मेट्रोनं आम्ही केंद्रीय सचिवालयाला उतरलो. तिथून रिक्षा केली आणि मी तोऱ्यात सांगितलं, "भैया, मंत्रालय." रिक्षावाला मागे वळला. "कौन सा मंत्रालय, आंटी? यहाँ तो सब मंत्रालय ही हैं." आमच्या महाराष्ट्रात मंत्रालय एकच, मुंबईचं. दिल्लीत वळणावळणाला एक. तेव्हाच मला कळायला हवं होतं की शब्द ओळखीचा दिसला म्हणून तो आपला असतोच असं नाही. पण शहाणपण वेळेवर आलं तर त्याला शहाणपण कोण म्हणेल!

रिसेप्शनला फोन जमा करून घेतात. नंतर बाकावर बसायचं. जगाच्या नकाशावर जिथे जिथे काही पेटलं आहे, तिथलं कुणी ना कुणी त्या बाकावर होतं. एका बाईची लेक युद्ध चाललेल्या शहरात डॉक्टरकी शिकत होती. एका म्हाताऱ्या सरदारजींचा नातू दलालानं भलत्याच सीमेवर नेऊन सोडला होता. मी धडा शिकवायचे तेव्हा ‘जागतिक शांततेस प्रोत्साहन’ हे वाक्य फळ्यावर लिहून पुढे जायचे. ते वाक्य कुणाकुणाच्या घरात राहायला येतं याचा मी कधी विचार केला नव्हता. बाकावर सगळे एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते आणि आतून नाव पुकारलं की उठणाऱ्याकडे सगळेच बघत होते.

आमचे साहेब तरुण निघाले. डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धा खाल्लेला पराठा डब्यात तसाच. त्यांनी आधी पाणी मागवलं. दिल्लीत ही पद्धत चांगली, वाईट बातमीसुद्धा पाणी दिल्याशिवाय देत नाहीत.

"मैडम, प्रॉब्लम यह है कि लिखें किसको?" ते म्हणाले.

मला वाटलं, पत्ता हवाय. पण तसं नव्हतं. त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. त्या देशात आपली वकिलात नाही. शेजारच्या देशातली आपली वकिलातच तो देशही सांभाळते. आता तिथे जे लष्करी सरकार बसलं आहे त्याच्याशी आपलं अधिकृत बोलणं अजून सुरू झालेलं नाही. त्यांना दिल्लीहून पत्र गेलं, वर ‘माननीय’ लिहिलं, की त्याचा अर्थ आपण त्यांना मानलं. शेजारचे देश त्या राजवटीवर बहिष्कार टाकून बसलेत, आणि त्या शेजाऱ्यांशी आपला मोठा संबंध आहे. आणि नाही लिहिलं, तर मुलं तिथेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिकडे त्या नव्या सरकारचीही अडचण होतीच. आम्ही गरिबांचे कैवारी म्हणून ते खुर्चीवर आले; आल्या आल्या परदेशी बोट फुकट सोडली तर कोळी त्यांना काय म्हणतील?

मला त्या साहेबांचा राग यायला हवा होता, पण येईना. ज्यांच्या हातात सगळं आहे असं आपण घरी बसून समजतो, त्यांच्या हातात एका पत्राचा मायनासुद्धा नव्हता. कुणी दुष्टपणानं अडवलं असेल तर त्याच्याशी भांडता तरी येतं.

मग साहेब पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ऑफिशियली नहीं, पर एक रास्ता निकल रहा है. राज़ीनामा करवा रहे हैं. सोमवार को हमारा आदमी काग़ज़ लेकर वहाँ पहुँचेगा. सब लड़कों को साइन करना पड़ेगा, एक भी छूटा तो बात नहीं बनेगी. आप लोग भी ज़रा समझाइए."

माझे कान तापले. राजीनामा! म्हणजे मुलांनी नोकरी सोडली असं लिहून द्यायचं. ओंकारनं मला पूर्वीच सांगून ठेवलं होतं की अडकलेल्या खलाशाकडून मालक पहिल्यांदा हेच लिहून घेतो. राजीनाम्यावर सही झाली की तुम्ही कंपनीचे कुणी नाही. तिकीट नाही, औषध नाही, तुम्ही परक्या बंदरातले बेवारस. आणि आता आमचंच सरकार ते करवून घेणार, वर आम्हीच मुलाला समजवायचं!

मी विचारायला हवं होतं. "राज़ीनामा मतलब?" एवढे दोनच शब्द. पण राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिलेली बाई असं कसं विचारणार? मी मान डोलावली, "जी" म्हटलं आणि वहिनीला घेऊन बाहेर पडले. वहिनी म्हणाली, "साहेब बरे वाटले, नाही?" मी म्हटलं, "गोड बोलून गळा कापणारे आहेत."

फोन परत मिळाल्यावर समोरच्या झाडाखाली उभी राहून मी ओंकारला आवाजी निरोप पाठवला. अगदी वर्गात बोलते तसं खणखणीत: "ओंकार, आत्या बोलतेय. सोमवारी तुमच्याकडून राजीनामा घ्यायला माणूस येणार आहे. कितीही गोड बोलला, सरकारचा म्हणाला, तरी सही करायची नाही. बाकीच्यांनाही सांग. माझं नाव सांग."

निरोपाखाली एकच खूण उमटली. बोटीवर अजून जनरेटर सुरू झाला नव्हता. परत येताना मी बाहेरच्या गाडीवर छोले-कुलचे खाल्ले, वहिनीलाही खायला लावले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत एवढ्या चवीनं मी दुसरं काही खाल्लं नाही. वाटलं, आलो त्याचं चीज झालं.

पहाडगंज

शनिवारी कचेऱ्या बंद. बोटीवरच्या खानसाम्याचे वडील त्रिपाठीजी पहाडगंजात एका हॉटेलात उतरले होते. त्यांना भेटायला गेलो. गल्लीत पिशव्यांची घाऊक दुकानं, हॉटेलांच्या पाट्या एकीवर एक, आणि त्यातून पाठीवर घर घेतल्यासारखी परदेशी पोरंपोरी चाललेली. याच भागात एक जुनी मराठी शाळा आहे असं रुबिनानं सांगितलं होतं. एरवी मी पहिल्यांदा ती शोधली असती. त्या दिवशी मन शाळेत नव्हतं.

हॉटेलचा जिना इतका अरुंद की वरून उतरणाऱ्यासाठी आम्हाला पुन्हा खाली यावं लागलं. त्रिपाठीजी बलियाकडचे, निवृत्त पोस्टमन, गळ्याला मफलर. दार उघडलं आणि आम्ही बसायच्या आत त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"मुँह मीठा कीजिए, बहनजी! राज़ीनामा हो रहा है!"

मी पेढा हातातच धरला. "आप खुश हैं?"

"क्यों नहीं होंगे? हनुमानजी ने सुन ली."

"बेटे का राजीनामा होगा और आप पेढे बाँट रहे हैं?"

"तो और क्या बाँटें?" त्रिपाठीजी गोंधळले.

मग मी त्यांना नागरिकांच्या हक्कांवर एक तास दिला. घाबरून हक्क सोडायचे नसतात, सरकार म्हणेल त्यावर अंगठा उठवायचा नसतो, आपल्या मुलानं सन्मानानं परत यायला हवं. माझं हिंदी रागात फार चांगलं होतं. त्रिपाठीजी आधी हसत होते, मग हळूच म्हणाले, "बहनजी, इज़्ज़त तो ठीक है. पर लड़का घर आ जाए, बस. आप राज़ीनामा तुड़वाना काहे चाहती हैं?"

"क्योंकि मैं पढ़ी-लिखी हूँ," मी म्हणाले. हो, असंच म्हणाले. लिहिताना आता कान लाल होताहेत.

वहिनीनं तिचा पेढा खाल्ला होता. जिना उतरताना मी तिला त्याबद्दलही बोलले.

त्याच रात्री उशिरा, तिकडे संध्याकाळ झाल्यावर, माझ्या निरोपाखाली दुसरी खूण आली आणि थोड्या वेळानं दोन्ही निळ्या झाल्या. ओंकारचं उत्तर आलं, तीनच शब्दांचं: "ठीक आहे, आत्या." मग फोन पुन्हा बंद.

रविवारचं जेवण

रविवारी रुबिना घरी होती. तिनं राजमा केला होता, वर आमच्यासाठी आमसुलाचं सार. अस्लमही पहिल्यांदाच ताटावर भेटला. तो म्हणाला, सोमवारचं काय ठरलं? मी सगळं सांगितलं: साहेब, राजीनामा, माझा निरोप, त्रिपाठीजींचे पेढे. सांगताना थोडं तिखटमीठही लावलं.

रुबिनाचा हात वाढता वाढता थांबला. "बाई, साहेब नेमकं काय म्हणाले? त्यांचे शब्द सांगा."

"राजीनामा करवा रहे हैं."

"दिलवा रहे हैं म्हणाले की करवा रहे हैं?"

"करवा."

तिनं डाव खाली ठेवला. तिनं अस्लमकडे पाहिलं, अस्लमनं ताटाकडे. "बाई," ती म्हणाली, अगदी वर्गात चुकीचं उत्तर येतंय हे माहीत असलेल्या मुलीसारखी, "इकडे राज़ीनामा म्हणजे राजीनामा नाही. आपल्या राजीनाम्याला हे इस्तीफा म्हणतात. राज़ीनामा म्हणजे समझौता. तडजोड. दोन्ही बाजू राज़ी झाल्या, कोर्टकचेरी मिटली. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून मारामारी झाली तरी शेवटी राज़ीनामाच होतो."

मी ताट पुढे सारलं.

आता सगळं एकदम लख्ख दिसलं. पत्र कुणाला लिहायचं हा तिढा सुटत नव्हता, म्हणून साहेबांनी पत्रच टाळलं होतं. सरकारनं सरकारशी बोलायचंच नाही. बोटवाले आणि कोळी यांच्यात आपसात मिटवायचं. कोळ्यांना बोटीच्या विम्यातून नवी जाळी, तिथल्या नव्या सरकारला आपल्या माणसांसमोर ताठ मान, आणि दिल्लीला कुणाला ‘माननीय’ म्हणायला नको. इतकी नाजूक वीण कुणीतरी बसून विणली होती, आणि मी झाडाखाली उभी राहून कात्री चालवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हेसुद्धा मीच मुलांना शिकवलं आहे.

मी लगेच दुसरा निरोप पाठवला, मग तिसरा. खूण एकच. रात्र चढली, तिकडची जनरेटरची वेळ झाली आणि उलटून गेली, तरी एकच. मी फोन केला, लागेना. त्रिपाठीजींना फोन करून माफी मागितली, ते म्हणाले, "कोई बात नहीं, बहनजी, भाषा है, हो जाता है." मग म्हणाले, "पर लड़के का मैसेज आया था कल. कह रहा था, ओंकार भैया ने सबको मना कर दिया है."

मला खूप भीती वाटली. भाऊ गेला तेव्हासुद्धा इतकी वाटली नव्हती, कारण ते माझ्या हातून झालं नव्हतं. मी वहिनीसमोर बसून तिला सगळं सांगितलं, शब्दाचा घोळ, माझा निरोप, सगळं. ती रडेल, मला बोलेल, अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही जेवला नाहीत," आणि सार गरम करायला उठली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पुन्हा साहेबांकडे

सोमवारी आम्ही कचेरी उघडायच्या आधीच दारात होतो. धुक्यात पहारेकऱ्यांचे फक्त बूट दिसत होते. साहेबांनी आम्हाला आत घेतलं ते दुपार कलल्यावर, तिकडे सकाळ झाल्यावर, आणि त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की तिकडून बातमी आली आहे.

"मैडम, आपके भतीजे ने काग़ज़ लौटा दिया. बाकी लड़के भी हट गए. मछुआरों का मुखिया उठकर जाने लगा था, बड़ी मुश्किल से रोका है. कोई कह रहा है, इंडिया से मना किया गया है." ते माझ्याकडे पाहत होते. "किसने मना किया?"

"मैंने," मी म्हणाले आणि शब्दाचा घोळ सांगितला. मला वाटलं ते ओरडतील. ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "कमाल है," एवढंच म्हणाले. मग त्यांनी त्यांच्या माणसाला फोन लावला. तो आमच्या मुलांबरोबर बोटीवरच होता. त्यानं फोन ओंकारकडे दिला.

"ओंकार? मी आत्या."

"आत्या, मी नाही केली सही." आवाज बारीक झाला होता, पण त्यात केवढी ऐट! "घाबरू नकोस. कुणालाच करू दिली नाही."

"अरे, कर. कर सही. माझं चुकलं. तो राजीनामा वेगळा."

"वेगळा म्हणजे?"

"हिंदीतला. त्याचा अर्थ तडजोड."

तिकडे खरखर ऐकू येत होती. मग त्यानं विचारलं, "आत्या, तुझ्या शेजारी कोण आहे?"

"साहेब आहेत."

"ते तुला बोलायला लावतायत का?"

"नाही रे बाळा!"

"शुक्रवारी तू एकटी होतीस तेव्हा एक बोललीस. आज साहेबांसमोर उलटं बोलतेस. मी काय समजायचं? कागद इथल्या भाषेत आहे, एक अक्षर कळत नाहीये मला. हिंदीतला राजीनामा, मराठीतला राजीनामा... तूच म्हणाली होतीस, कितीही गोड बोलले तरी नाही."

तो माझ्याच शाळेत शिकलेला मुलगा होता. दबावाखाली दिलेला शब्द खरा धरायचा नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. मी शपथा घातल्या. त्यानं त्याही धरल्या नाहीत. उलट मी जितकी काकुळतीला आले तितका त्याचा संशय वाढला. साहेब घड्याळाकडे पाहू लागले. फोनमधून कुणीतरी मागे परक्या भाषेत चिडून बोलत होतं.

वहिनीनं माझ्या हातातून फोन घेतला. मागितला नाही, घेतला.

"ओंकार, आई बोलतेय. सही कर."

"आई, पण राजीनामा असला तर?"

"असू दे. राजीनामा असला तरी कर. नोकरी गेली तर जाऊ दे, तिकिटाचं आपण बघू. मला तू घरी पाहिजेस." मग तिनं विचारलं, "ताप आहे का रे अजून?"

तिकडे काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. वहिनी नुसती मान हलवत होती, जणू तो समोर बसला आहे. या सगळ्या दिवसांत, इथे निघाल्यापासून, मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला काय वाटतं. राजीनाम्याचा माझा अर्थ खरा असता, तरीही तिचं उत्तर हेच होतं. तिला तो शब्द मुळी लागतच नव्हता.

सही झाली. साहेबांनी आम्हाला चहा पाजला, आणि निघताना मी त्यांना विचारलं, "अब तो उस सरकार को चिट्ठी लिख सकेंगे?" ते हसले. "वो तो अभी वहीं अटका है, मैडम. बस आपके लड़के निकल आएँगे." ती दुसऱ्या बोटींवरची मुलं कशी निघणार, हे मी विचारलं नाही, कारण त्यांनाही ते माहीत नव्हतं. बाहेर बाकावर ते सरदारजी अजून बसलेच होते.

घरी

ओंकार आला. काही आठवडे लागले, पण आला, हाडांचा सापळा होऊन आला. रेल्वेतून उतरल्यावर आईच्या गळ्यात पडला, मग माझ्या पाया पडला. आता अंग धरू लागलाय. गावातले लोक भेटायला येतात, बोटीच्या गोष्टी विचारतात, आणि तो त्या राजीनाम्याची गोष्ट रंगवून सांगतो. सगळे हसतात. मीही हसते.

पण शेवटी तो दर वेळी एक वाक्य सांगतो. माझ्याकडे बघून, अगदी प्रेमानं सांगतो. "आई मधे बोलली नसती ना, तर मी तिथेच मेलो असतो, पण सही केली नसती. आत्यानं सांगितलं होतं."

त्याला वाटतं, तो माझं कौतुक करतोय. मी चहाचं निमित्त करून आत निघून जाते.